गल्लीत गाडी लावायचा रहिवासी पास: मागायचा कसा, अन् मिळेपर्यंत काय करायचं

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी, रंगार गल्ली, मछली खडक, राजाबाजार, शहागंज, तिकडं लातूरला गंजगोलाईच्या आसपास, नांदेडला वजिराबाद, कुठंही राहा, रात्री साडेनवाला चारचाकी घेऊन घरी येणाऱ्याच्या डोक्यात एकच विषय असतो, आज जागा मिळते का. गाडी घेताना शोरूमवाला कलर विचारतो, लोनवाला तीन पिढ्यांची माहिती काढतो, पण लावणार कुठं हे कोणी विचारत नाही. जपानमध्ये त्याचा 1962 सालचा कायदाच आहे, घरापासून दोन किलोमीटरच्या आत हक्काची जागा आहे असा दाखला पोलिसांकडून आणल्याशिवाय साधारणपणे गाडी नावावर होत नाही. आपल्याकडं 2025 मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईकांनी पण बोलून दाखवलं की आधी पार्किंगची जागा दाखवा मग नोंदणी. ठीक आहे, पण ज्यांच्या गाड्या आधीच गल्लीत उभ्या आहेत त्यांचं काय, हे लिहितोय ते त्यांच्यासाठी.

आधी हे डोक्यात बसवा की रहिवासी पास म्हणजे काही सातबारा नव्हे. पास म्हणजे ह्या गल्लीत, ह्या बाजूला, ह्या वेळात गाडी लावायची परवानगी, बस. अमुक घरासमोरची अमुक फरशी तुमची असं त्यात काही नसतं. बंगळुरूच्या पार्किंग धोरणात असा पास लिहिलेला आहे, छोट्या कारला वर्षाला 1000 रुपये, मध्यम गाडीला 3000 ते 4000 अन् मोठ्या एसयूव्हीला 5000. जो रस्ता जास्त अडवतो त्यानं जास्त भरायचे, मला तर हे बरोबरच वाटतं. आपल्या गल्ल्यांमधे कोणाच्या काचेवर असला पास मला तरी अजून दिसलेला नाही, अन् कोणी घरपोच आणून देईल अशी वाट बघत बसण्यातही अर्थ नाही. तो मागावा लागतो, एकट्यानं नाही तर अख्ख्या गल्लीनं.

अन् मागायला जायच्या आधी घरासमोरचं सामान उचला. म्हणजे तो सिमेंट भरलेला पेंटचा डबा, जुनं टायर, मोडकी खुर्ची, साखळी, "खाजगी जागा, गाडी लावू नये" ची पाटी. घरासमोरचा रस्ता महापालिकेचा आहे, घरपट्टी भरली म्हणून तो आपल्या नावावर होत नाही. उलट रस्त्यात अडथळा केला म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 खाली 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पाहणीला साहेब आले अन् त्यांना पहिलं दर्शन टायरचंच झालं तर तुमच्या अर्जाचं काय होईल ते सांगायला नको. हां, आपल्या गेटमधून गाडी आतबाहेर जायची वाट कोणी अडवली तर तो गुन्हाच आहे, त्याला पाटी असो नसो, वाहन चालवण्याच्या 2017 च्या नियमावलीत घराच्या प्रवेशासमोर गाडी लावायला मनाई आहेच. पण गेट वेगळं अन् गेटच्या शेजारची भिंत वेगळी, लोक दोन्ही एकाच हिशोबात धरतात अन् तिथूनच भांडणं चालू होतात.

आता टेप घ्या. मिस्त्रीकडं असतो तो पाच मीटरवाला चालेल. सकाळी सहाला उतरा, गर्दी नसते, अन् गल्ली मोजा. एका जागी मोजून सोडू नका, आपल्या गल्ल्या कुठंच सरळ नाहीत, एखाद्या वाड्याचा ओटा पुढं आलेला असतो, कुठं महावितरणची डीपी, कुठं नळाचा व्हॉल्व्ह, कुठं झाकण नसलेली नाली. तीन चार ठिकाणी मोजा अन् सगळ्यात अरुंद आकडा धरा. समजा सगळ्यात अरुंद जागी पाच मीटर आले. ऑल्टो जवळपास दीड मीटर रुंद, स्विफ्ट पावणेदोनला टेकते, त्यात आरसे अन् भिंतीपासूनची फट धरून एका गाडीला दोन मीटर पकडा. एका बाजूला गाड्या लावल्या तर तीन मीटर उरतात, अॅम्ब्युलन्स निघते. दोन्ही बाजूला लावल्या की उरला एक मीटर, म्हणजे स्कूटी जाईल, पेशंट नाही. गल्लीतल्या बैठकीत हे तोंडी सांगितलं तर कोणी ऐकत नाही, म्हणून खडूनं रस्त्यावर रेषा मारून दाखवा, सगळे गप होतात. चार मीटरच्या खाली असलेल्या बोळीत तर चारचाकीचा विषयच काढू नका, तिथं फक्त दुचाकी.

दुचाकीवरून आठवलं. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत एका कारची जागा साधारण पाच बाय अडीच मीटर धरलीय अन् स्कूटरची दोन बाय एक. म्हणजे एका कारच्या जागेत सहा दुचाक्या. गल्लीत तीस घरं, घरटी दोन दुचाक्या, अन् त्या वाकड्यातिकड्या जिथं जागा दिसेल तिथं उभ्या, हे आधी सरळ केलं नाही तर कारच्या पासचं घोडं पुढं जाणारच नाही. कोपऱ्यावरची एखादी जागा, बंद दुकानाची पायरी, मंडळाच्या ओट्याशेजारचा पट्टा, तिथं पांढरा पट्टा मारून सगळ्या दुचाक्या काटकोनात. हे करायला कोणाच्या परवानगीची फार वाट बघावी लागत नाही, फक्त एका पोरानं आठवडाभर मागं लागावं लागतं.

मग यादी. घर नंबर, राहणारा मालक का भाडेकरू, चारचाकी किती, नंबर काय, रात्री मुक्कामी असते का. इथं आपल्या मराठवाड्याची एक खास गंमत आहे. संभाजीनगरच्या गल्लीत उभी गाडी एमएच 23 म्हणजे बीडची, शेजारची एमएच 21 जालन्याची, पलीकडं एमएच 22 परभणी, कारण गाडी गावाकडं अण्णांच्या नावावर घेतलेली अन् पोरगा इथं नोकरीला. कुठल्याही रहिवासी पासला आरसी बुकवरचा पत्ता हा पहिला प्रश्न असतो, अन् तिथंच माशी शिंकते. स्वतःच्या नावावर गाडी असेल तर पत्ता बदलून घ्या, कायद्यानं तो 30 दिवसांत कळवायचा असतोच, परिवहनच्या साइटवर फॉर्म 33 भरायचा, लोन चालू असेल तर बँकेची संमती लागते, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर तिथलं ना हरकत. गाडीचा नंबर बदलत नाही, राज्यातल्या राज्यात आहे ना. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं साधं संमतीपत्र अन् नातं दाखवणारा कागद जोडून ठेवा.

बाकी कागदं तुम्हाला माहीत असलेलीच. आधार, लाइट बिल, घरपट्टीची चालू पावती, इन्शुरन्स, पीयूसी. भाडेकरूचं लाइट बिल मालकाच्या नावावर असतं, त्यामुळं भाडेकरार अन् मालकाचं ना हरकत हवं, अन् आपल्याकडं मालक लोक करार करायलाच टाळाटाळ करतात, त्यांना समजावून सांगा की पासवर नाव आलं म्हणून घर जात नाही. घरपट्टी थकलेली असेल तर आधी भरा. महापालिकेकडं काही मागायला जायचं अन् खिडकीवर पहिलीच तुमची थकबाकी निघायची, अशानं अर्ज तिथंच बारगळतो. गाडीवर जुने ई-चलन पेंडिंग असतील तर तेही बघून घ्या.

अर्ज कोणाला द्यायचा ह्यात सगळे गोंधळतात. रस्ता महापालिकेचा, पट्टे अन् बोर्ड बहुतेक वेळा तीच लावते. पण गाडी कुठं लावायची, कुठं नाही, सम-विषम तारखेचं पार्किंग, वन वे, ह्याची अधिसूचना निघते पोलिसांकडून. संभाजीनगरला पोलीस आयुक्त आहेत, बाकी जिल्ह्यांत जिल्हाधिकारी अन् एसपी ऑफिस. मोटार वाहन कायद्याच्या कलम 117 मधे पण हेच आहे, गाड्या उभ्या करायच्या जागा ठरवताना स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करायची. आता तुम्ही फक्त महापालिकेला अर्ज दिला तर ते म्हणणार ट्रॅफिकवाल्यांचं काम आहे, ट्रॅफिकला दिला तर म्हणणार आधी महापालिकेचा ठराव आणा. म्हणून एकच अर्ज, दोघांच्या नावानं, अन् त्यात संयुक्त पाहणी मागायची. मसुदा साधारण असा ठेवा:

"प्रति, मा. आयुक्त, महानगरपालिका, आणि मा. पोलीस निरीक्षक, वाहतूक शाखा. विषय: अमुक गल्लीत एका बाजूस रहिवाशांच्या वाहनांसाठी रात्री 9 ते सकाळी 9 पार्किंग राखून ठेवून पास देणेबाबत. महोदय, आम्ही खाली सह्या करणारे सदर गल्लीचे रहिवासी आहोत. गल्लीची रुंदी सर्वात अरुंद ठिकाणी इतके मीटर आहे. एकूण घरे इतकी, चारचाकी इतक्या, दुचाकी इतक्या आहेत. पूर्वेकडील बाजूस पार्किंग ठेवल्यास रुग्णवाहिका व अग्निशमन वाहनासाठी इतके मीटर रस्ता मोकळा राहतो. दिवसा दुकानांच्या ग्राहकांसाठी सदर जागा खुली ठेवण्यास आमची हरकत नाही. हाताने काढलेला नकाशा, फोटो व यादी सोबत जोडली आहे. तरी दोन्ही विभागांनी संयुक्त पाहणी करून निर्णय घ्यावा, ही विनंती."

दुकानदारांची ओळ त्यात मुद्दाम टाकलीय. जुन्या शहरात खाली दुकान वर घर, अन् बाजार दिवसाचा. रहिवाशानं चोवीस तास जागा मागितली की व्यापारी विरोधात जातात, अन् व्यापारी विरोधात गेले की फाईल हललीच म्हणून समजू नका. प्रत्यक्षात बघा, ऑफिसला जाणाऱ्याची गाडी सकाळी नऊला निघते, दुकानाचं शटर दहा साडेदहाला वर जातं, रात्री नऊ साडेनऊला शटर खाली तेव्हाच गाडी परत येते. जागा एकच, दोघांना पुरते. अडचण कोणाची, तर दिवसभर घरीच उभ्या असलेल्या गाडीची, रिटायर्ड काकांची एस्टीम, जी फक्त लग्नाला अन् दवाखान्याला निघते. त्यांच्यासाठी गल्लीच्या आतल्या बाजूची, दुकानं नसलेली एक दोन जागा ठरवून द्या अन् हे बैठकीतच मिटवा. साहेबांसमोर मिटवायला गेलात तर तमाशा होतो.

सह्या घेताना व्यापाऱ्यांच्या पण घ्या, दोन चार घेतल्या तरी वजन पडतं. अर्ज आवक-जावकला द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट शिक्का मारून पोच घ्यायची, नुसतं "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर ठेवून जायचं नाही. एक प्रत झोन ऑफिसला, एक नगरसेवकाला. महिना दीड महिना हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकारात विचारा की अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, त्याची फाईल नोटिंग द्या. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भांडून जे होत नाही ते पुष्कळदा ह्या दहा रुपयांत होतं.

पासची योजना आखायची वेळ आली तर काही गोष्टी आधीच मागून घ्या, नाही तर पास हातात अन् जागा नाही असं होतं. एका घराला पहिला पास स्वस्त, दुसऱ्या गाडीचा पास महाग अन् जागा उरली तरच. पास गाडीच्या नंबरवर, म्हणजे मेहुण्याला देता येणार नाही. जागेपेक्षा फार जास्त पास वाटायचे नाहीत. पाहुण्यांसाठी थोडे तारखेचे पास, कारण लग्नसराईत गल्लीत गाड्या किती येतात ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. दरवर्षी नूतनीकरण, घर सोडून गेला की पास रद्द. आजूबाजूच्या गल्लीला पण तेच नियम लागू करायला लावा, नाही तर इकडच्या बिनपासच्या गाड्या तिकडं जाऊन उभ्या राहतात अन् शेजारच्या गल्लीशी नवीन भांडण.

बरं, हे सगळं होईपर्यंत गाडी रोज रात्री कुठं तरी लावायचीच आहे. गल्लीत पडून असलेल्या भंगार गाड्यांकडं आधी बघा, टायर बसलेले, काचेवर बोटभर धूळ, खाली मांजरीची पिल्लं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 127 मधे सार्वजनिक जागी 10 तासांपेक्षा जास्त बेवारस सोडलेलं किंवा मनाई असलेल्या जागी लावलेलं वाहन उचलायचा आदेश वर्दीतला पोलीस अधिकारी देऊ शकतो, खर्च मालकाकडून. मालक गल्लीतलाच असेल तर आधी त्याला भेटा, भंगारात दे म्हणावं, वजनाचे पैसे तरी येतील. अशी एखादी गाडी गेली की एक अख्खी जागा मिळते, फुकटात.

पे अँड पार्क जवळ असेल तर तिथं महिन्याचा पास आहे का विचारा, नसला तरी ठेकेदाराला रात्रीच्या रिकाम्या जागेचे पैसे कोणाला नको असतात, पण पावती घ्याच. जवळपास मंगल कार्यालय, शाळेचं मैदान, एखाद्याचा मोकळा प्लॉट किंवा पडीक वाडा असेल तर चार पाच गाडीवाल्यांनी मिळून भाड्यानं घेतला तर परवडतो. लेखी करा, 100 चा स्टॅम्प आता चालत नाही, 500 चा घ्यावा लागतो. त्यात लिहा, फक्त रात्री गाडी लावायची परवानगी, ताबा नाही, लग्नाच्या तारखा आठ दिवस आधी कळवायच्या, गेटची चावी कोणाकडं. वाड्याचे वारस चार अन् पैसे घेणारा एक असं असेल तर चौघांच्या सह्या.

गेटसमोर कोणी गाडी लावून गेला तर हवा सोडू नका, ओरखडा मारू नका, आजकाल प्रत्येक दुकानावर कॅमेरा आहे अन् मग तुम्हीच आरोपी. गाडीचा नंबर अन् गेट दोन्ही एकत्र दिसतील असा फोटो काढा, आजूबाजूच्या दुकानात विचारा, दहापैकी आठ वेळा "दो मिनट भाई" म्हणत माणूस पळत येतो. नाही आला तर 112 किंवा वाहतूक शाखेचा कंट्रोल रूम. अन् स्वतःच्या गाडीच्या काचेआड मोबाईल नंबर लिहून ठेवा, मोठ्या अक्षरात. लेडीजना स्वतःचा नंबर नको वाटतो, तर घरातल्या दुसऱ्या कोणाचा लिहा. गल्लीचा व्हॉट्सअॅप ग्रुप असेल तर त्यात गाडी नंबर, नाव, फोन अशी एक यादी पिन करून ठेवा, एरवी गुड मॉर्निंगचे फुलंच यायलेत त्याच्यात.

तुमच्याच गाडीला चुकीच्या पार्किंगचं ई-चलन आलं तर पहिल्या वेळी 500 अन् पुढच्या वेळी 1500 असा दर आहे. फोटो उघडून बघा, तिथं बोर्ड दिसतो का, सम तारीख होती का विषम. चूक त्यांची वाटली तर वाहतूक पोलिसांच्या ई-चलनच्या साइटवरच तक्रार टाकता येते, त्याच वेळचा आपला फोटो असेल तर जोडा. सम-विषमच्या रस्त्यावर रात्री बारानंतर तारीख बदलते हे पुष्कळ जण विसरतात, रात्री बरोबर लावलेली गाडी सकाळी चुकीच्या बाजूला असते.

सणावाराचं वेगळं. संस्थान गणपतीपासून विसर्जन मिरवणूक निघते त्या दिवशी राजाबाजार, सिटी चौक, गुलमंडीकडं गाडी ना आत जाते ना बाहेर येते, रमजानच्या शेवटच्या आठवड्यात शहागंजचं तेच, तुळजापूरला नवरात्रात तर विचारूच नका. पोलिसांची अधिसूचना एक दोन दिवस आधी पेपरात येते, त्यात बंद रस्ते अन् वेळा असतात. घरी आजारी माणूस किंवा बाळंतीण असेल तर आधीच पोलीस ठाण्यात जाऊन कागद दाखवून सांगून ठेवा, ऐन वेळी बॅरिकेडवरच्या शिपायाशी हुज्जत घालून काही होत नाही, त्याला वरून जे सांगितलंय तेच तो करणार.

अपार्टमेंटवाल्यांनी गल्लीत यायच्या आधी स्वतःच्या बिल्डिंगखाली बघावं. कित्येक ठिकाणी खालचं पार्किंग बिल्डरनं वेगळं विकलं असं सांगतात. सुप्रीम कोर्टानं 2010 मधे नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी ह्या केसमधे सांगितलंय की स्टिल्ट, म्हणजे बिल्डिंगखाली खांबांमधलं, किंवा उघडं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही. नवीन फ्लॅट घेताना बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या महारेराच्या एप्रिल 2024 च्या परिपत्रकाप्रमाणं झाकलेल्या पार्किंगची लांबी, रुंदी, उंची करारात लिहून घ्या, नाही तर खांबाच्या मागं अशी जागा मिळते की गाडी जाते पण दार उघडत नाही. सहकारी सोसायटी असेल तर आदर्श उपविधींप्रमाणं, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणं, जागा कमी पडल्या की चिठ्ठ्या टाकायच्या, अन् एकाला दुसरी जागा द्यायची ती वर्षापुरती, दुसऱ्या कोणाला एकही नसेल तर नाही.

दिवाळीला गावी जाताना गाडी गल्लीत सोडून जाणार असाल तर चावी शेजारी द्या, पाण्याची लाइन फुटली किंवा केबलवाल्यांनी खोदलं की हलवावी लागते. अन् रस्त्यावरच रात्र काढणारी गाडी असेल तर नुसता थर्ड पार्टी इन्शुरन्स घेऊन बसू नका, चोरी किंवा रात्रीत कोणी घासून गेला तर त्यात एक रुपया मिळत नाही.